कानाची ऑपरेशनं कमी झाली, तर शिकणारा हात तयार कुठे होणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली वीस-बावीस वर्षं मी मेडिकल कॉलेजात ईएनटीच्या निवासी डॉक्टरांना कानाची शस्त्रक्रिया शिकवतो आहे. ओपीडीत रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक एका बाजूने विचारतात, ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) बाहेर हात धुताना विद्यार्थी दुसऱ्या बाजूने विचारतात, पण बहुतेक प्रश्न एकाच ठिकाणी येऊन पोचतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

कानाची ऑपरेशनं खरंच कमी झाली आहेत का?

कुठलं ऑपरेशन आणि कुठल्या देशात, ते आधी सांगावं लागेल. कान दुखून ताप आला, कानामागे सूज आली आणि रातोरात हाड उघडावं लागलं, असं ऑपरेशन आता फार क्वचित होतं. कानातल्या रिकीब नावाच्या इवल्याशा हाडाचं ऑपरेशन अमेरिका-युरोपात १९६०च्या दशकात धडाक्याने चालायचं, आज ते पुष्कळ ओसरलं आहे. मुलांच्या कानात ग्रोमेट नावाची नळी बसवण्याचं प्रमाण इंग्लंडमध्ये आधी चढलं आणि मग उतरलं. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मात्र सगळीकडे वाढतं आहे. आपल्याकडे वाहणाऱ्या कानाचे रुग्ण अजून भरपूर आहेत, पण ते कुठे जातात हा वेगळा प्रश्न आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ऑपरेशनं कमी झाली म्हणून मला वाईट वाटत नाही. वेळेवर लस आणि औषध मिळाल्यामुळे ज्या पोराचा कान फुटलाच नाही, त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं काय असणार? माझी काळजी दुसरी आहे. जी ऑपरेशनं गेली ती बहुतांशी सोपी होती. उरली ती अवघड. शिकणाऱ्याने जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर पाय पक्का करायचा असतो. त्याच पायऱ्या निघून गेल्या आणि त्याला थेट वरच्या पायरीवर पाय टाकावा लागतो आहे.

अँटिबायोटिक येण्याआधी किती ऑपरेशनं व्हायची?

आज कल्पना करणंही कठीण जाईल इतकी. जर्मनीत हाले इथल्या हेरमान श्वार्त्झे यांनी १८७३ साली कानामागचं हाड, म्हणजे मस्टॉइड, उघडून आतला पू बाहेर काढण्याची पद्धत शिस्तीत मांडली. हातात हातोडी आणि छिन्नी. त्याआधी कानातला पू मेंदूपर्यंत गेला की रुग्ण दगावायचा, आणि त्यात मुलं जास्त असायची. या ऑपरेशनने हजारो जीव वाचले. पुढची साठ-सत्तर वर्षं ते कानाच्या डॉक्टरचं रोजचं काम होतं.

१९३०च्या दशकाच्या मध्यानंतर सल्फा औषधं आली, दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन सर्वांच्या हाती आलं. पाठ्यपुस्तकांत एक आकडा नेहमी दिलेला असतो: १९३८च्या सुमारास कानाच्या तीव्र संसर्गाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण २० जणांना मस्टॉइडचं ऑपरेशन लागायचं, दहा वर्षांनी हे प्रमाण तीनाच्याही खाली आलं. एका दशकात एका अख्ख्या पिढीचं मुख्य काम संपलं. त्या काळच्या शल्यविशारदांनी रिकामे हात कानाच्या दुसऱ्या आजारांकडे वळवले. वुल्स्टाइन आणि झ्योल्नर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पडदा आणि हाडांची साखळी दुरुस्त करण्याची, म्हणजे टिम्पॅनोप्लास्टीची पद्धत मांडली. त्याच सुमारास त्झाइस कंपनीचा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप बाजारात आला. पू काढून जीव वाचवणं हे ध्येय होतं, त्याला आता ऐकू येणं परत मिळवून देणं हे ध्येय जोडलं गेलं.

मग साधी मस्टॉइडेक्टमी (मस्टॉइड उघडण्याचं ऑपरेशन) शिकायचीच कशाला?

कारण रस्ता तोच आहे. कोलेस्टिएटोमा, म्हणजे हाड खात वाढणारी कातडीची गाठ, काढायला, कॉक्लियर इम्प्लांट बसवायला, चेहऱ्याच्या नसेवरचा दाब कमी करायला, सगळीकडे आधी मस्टॉइडच उघडावं लागतं. फरक इतकाच, की पूर्वी विद्यार्थी हा रस्ता सोप्या रुग्णांवर पन्नास वेळा चालायचा आणि मग अवघड रुग्णाकडे जायचा. आता तो पहिल्यांदाच चालतो तेव्हा रस्त्यात कोलेस्टिएटोमाने हाड खाल्लेलं असतं, खुणा पुसलेल्या असतात आणि नस उघडी पडलेली असू शकते.

रिकिबीच्या ऑपरेशनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, ते का?

कारण एखादं ऑपरेशन वर कसं गेलं, खाली कसं आलं आणि त्याने शिक्षणाचं काय केलं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

कानात तीन छोटी हाडं असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, उंची तीन मिलिमीटरच्या थोडी वर. ओटोस्क्लेरोसिस या आजारात तिचा तळ आतल्या कानाच्या खिडकीत घट्ट बसतो, हलेनासा होतो आणि ऐकू कमी येऊ लागतं. १९३८ साली लेम्पर्ट यांनी या आडकाठीला वळसा घालून आतल्या कानाला नवी खिडकी पाडण्याचं ऑपरेशन एकाच टप्प्यात करायला सुरुवात केली. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल रोझेन असंच ऑपरेशन करण्याआधी रिकीब खरंच घट्ट आहे का ते चाचपून पाहत होते. चाचपताना ती सुटली आणि टेबलावरच्या रुग्णाला तिथल्या तिथे ऐकू येऊ लागलं. मग १ मे १९५६ रोजी मेम्फिसमध्ये जॉन शे यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली.

तेव्हा अमेरिकेत वर्षानुवर्षं बहिरेपणा सोसत बसलेल्या माणसांची भली मोठी रांग होती. सगळे एकदम आले. त्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी ऑपरेशन शिकलं त्यांचे हात शेकडो कानांवर घासून तयार झाले. पण साठलेलं पाणी एकदा वाहून गेलं की उरतो तो फक्त झरा. जुने रुग्ण संपले आणि वर्षाला नव्याने येणारे तेवढे राहिले. त्यात श्रवणयंत्रं सुधारली, काही जण ऑपरेशनऐवजी यंत्र पसंत करू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरला आख्ख्या प्रशिक्षणात स्वतःच्या हाताने बोटांवर मोजण्याइतक्याच स्टेपिडेक्टमी, म्हणजे रिकिबीची ऑपरेशनं, मिळू लागल्या.

आणि ऑपरेशन कसलं, तर माफी नसलेलं. रिकिबीच्या तळाला जेमतेम पाऊण मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि त्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पिस्टन उतरवायचा. हात थोडा खोल गेला, सक्शन खिडकीच्या तोंडाशी आलं, तर आतला कान कायमचा जाऊ शकतो. अनुभवी हातातही शंभरात एखाद्या रुग्णाच्या बाबतीत असं होतं. काही शल्यविशारदांनी आपल्या पहिल्या केसपासूनचे निकाल क्रमाने मांडून पाहिले, तेव्हा निकाल स्थिरावायला साधारण ५० ते ८० ऑपरेशनं लागलेली दिसली. शिकताना मिळणार पाच-सहा आणि हात बसायला हवीत पन्नासच्या वर. या दोन आकड्यांमधलं अंतर भरून कोण काढणार, हाच तो प्रश्न.

अमेरिकेत निवासी डॉक्टरांसाठी प्रत्येक महत्त्वाच्या ऑपरेशनचे किमान आकडे ठरवले, तेव्हा टिम्पॅनोप्लास्टी १७, मस्टॉइडेक्टमी १५ आणि स्टेपिडेक्टमी किंवा हाडांची साखळी दुरुस्त करणं असं दोन्ही मिळून १० ठेवले. रिकिबीला स्वतःचा आकडाच नाही. वेगळा ठेवला असता तर कित्येक ठिकाणी तो गाठता आला नसता, असाच मी त्याचा अर्थ लावतो.

ओटोस्क्लेरोसिस कमी होण्याशी गोवराच्या लशीचा संबंध आहे म्हणतात. खरं का?

ओटोस्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या काढलेल्या हाडात गोवराच्या विषाणूचे अंश सापडले आहेत. जर्मनीत लस सुरू झाल्यानंतरच्या पिढीत हा आजार कमी दिसतो, असंही मांडलं गेलं आहे. आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे, त्यामुळे सगळं श्रेय लशीला देता येत नाही. अमेरिकेत ही लस १९६३ साली आली. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरणात गोवर १९८५ पासून आणि गोवर-रुबेला २०१७ पासून. लस बहिरेपणासाठी म्हणून दिली जात नाही, पण रुबेला आणि गालगुंड या दोन्ही आजारांनीही कान जातो. लहान बाळाची लस चुकवू नका.

इंग्लंडमध्ये ग्रोमेटचं काय झालं?

ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवायची इवलीशी नळी. पडद्यामागे चिकट पाणी साठून मूल कमी ऐकत असेल तर ती बसवतात. १९५४ साली आर्मस्ट्राँग यांनी ती पुन्हा प्रचारात आणली आणि १९८०च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये ती इतकी बसवली जाऊ लागली की निक ब्लॅक यांनी १९८४ साली याला आजाराची साथ म्हणावं की ऑपरेशनची, असा मुद्दा वैद्यकीय नियतकालिकात मांडला. बऱ्याच मुलांचं पाणी काही महिन्यांत आपोआप जातं, हे पुराव्यानिशी पुढे आलं. १९९०च्या दशकात आकडे उतरू लागले. २००८ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या: तीन महिने थांबा, श्रवणचाचणी पुन्हा करा, बऱ्या कानातला दोष २५ ते ३० डेसिबल किंवा जास्त टिकून राहिला तरच ऑपरेशनचा विचार करा.

मुलांच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने पाहा. मायक्रोस्कोपखाली हात स्थिर ठेवणं, डोळा एकीकडे आणि हत्यार दुसरीकडे अशी सवय लावणं, अरुंद नळीतून काम करणं, हे सगळं विद्यार्थी ग्रोमेटवर शिकायचा. दहा मिनिटांचं काम, चुकलं तरी मोठं नुकसान नाही. ही होती पहिली पायरी.

कामाचे तास कमी केले म्हणून प्रशिक्षण बिघडलं का?

इंग्लंडमध्ये ऑगस्ट २००९ पासून निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा पूर्णपणे लागू झाली. अमेरिकेत २००३ पासून ८० तासांची मर्यादा आहे. तिथले जुने शिक्षक म्हणतात, तास गेले आणि केसही गेल्या. त्यात तथ्य आहे. पण थकलेल्या माणसाने कानाजवळ ड्रिल धरू नये, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे गोष्ट निराळी आहे. आपला निवासी डॉक्टर तासांनी गरीब नाही. तो कॅज्युअल्टीत असतो, रिपोर्टच्या मागे धावत असतो, सरकारी आरोग्य योजनेचे कागद आणि फोटो अपलोड करत असतो, रक्तपेढीच्या दारात उभा असतो. छत्तीस तासांच्या ड्युटीत मायक्रोस्कोपसमोर बसलेला वेळ मोजला तर कधीकधी तासभरही भरत नाही. तासांची मर्यादा आणली आणि हे कारकुनी काम तसंच ठेवलं, तर पहिली कात्री ओटीच्याच वेळेला लागेल.

महाराष्ट्रात तर कान वाहणारे रुग्ण भरपूर आहेत. मग इथल्या विद्यार्थ्यांना अडचण काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली जगभरच्या वाहत्या कानांचा आढावा घेतला, तेव्हा भारताला सर्वात जास्त प्रमाण असलेल्या, म्हणजे शंभरात चारपेक्षा जास्त लोकांना हा आजार असलेल्या गटात ठेवलं होतं. सरकारने २००६-०७ साली बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू केला. म्हणजे आजार आहे. तो घरात आहे, पाड्यावर आहे, ऊसतोडीच्या खोपटात आहे.

मागच्या पावसाळ्यातली एक मुलगी आठवते. वय अकरा-बारा. बालवाडीत असल्यापासून कान वाहतो. आजी लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायची. शाळेत बाईंनी मागच्या बाकावरून पुढे बसवलं, तेव्हा कुठे कळलं की पोरीला ऐकूच कमी येतं. बापाने सांगितलं, "डॉक्टर, पावसात वाहतो, उन्हाळ्यात थांबतो, म्हणून वाटलं वयानं जाईल." पू घाण वासाचा होता. कापूस काढून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात मोत्यासारखा पांढरा कोलेस्टिएटोमा. ही केस नवख्या विद्यार्थ्याला देण्यासारखी नव्हती. मीच केली, तो शेजारी बसून पाहत होता. सात वर्षांपूर्वी ती आली असती, तर कदाचित साधा पडदा बसवून भागलं असतं आणि ते ऑपरेशन माझ्या देखरेखीखाली त्याला करता आलं असतं. उशिरा आलेला रुग्ण स्वतःचं नुकसान करून घेतोच, आणि शिकणाऱ्याची एक पायरीही जाते.

दुसरं कारण आनंदाचंच आहे. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पूर्वी ज्या गरीब रुग्णाला सरकारी रुग्णालयाशिवाय पर्याय नव्हता, तो आता योजनेतल्या खासगी रुग्णालयातही जाऊ शकतो. त्याला जवळ आणि लवकर उपचार मिळतात. म्हणून तक्रार करणार नाही. पण शिकवणाऱ्या रुग्णालयातून सरळ, सोप्या केस बाहेर गेल्या आणि गुंतागुंतीच्या आमच्याकडे राहिल्या, हेही मी रोज पाहतो.

तिसरी गोष्ट वाटपाची. पदव्युत्तर जागा वाढल्या. ज्या विभागात वर्षाला दोन विद्यार्थी असायचे तिथे चार-पाच झाले, की टेबल तेच, मायक्रोस्कोप तोच आणि केसचे तुकडे जास्त.

उपाय हाताशी आहे. नव्या नियमांनुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. जिथे मायक्रोस्कोप आणि ड्रिल चालू स्थितीत आहे, तिथे हे तीन महिने सोनं ठरू शकतात. सोपे पडदे तिथेच असतात. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी शाळेत पकडलेली मुलं थेट त्याच जिल्हा रुग्णालयाच्या यादीवर आली, आणि तिथे आठवड्याचा एक ठरलेला दिवस कानाचा ठेवला, तर मूलही लवकर बरं होईल आणि विद्यार्थ्याची पहिली पायरीही परत येईल. यंत्र बंद असेल तर मात्र ते तीन महिने ओपीडीत कानातला मळ काढण्यात जातात.

कोविडने किती फरक पडला?

एका बॅचला मोठा. मार्च २०२० मध्ये तातडीची सोडून सगळी ऑपरेशनं थांबली. त्यातही कान सगळ्यात मागे पडला, कारण ड्रिलने हाडाचे तुषार उडतात, आणि मृत रुग्णांच्या मधल्या कानात आणि मस्टॉइडमध्ये विषाणू सापडल्याचं त्याच वर्षी प्रसिद्ध झालं. मग २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला. महाराष्ट्रात ईएनटीचे वॉर्ड भरून वाहिले. आमच्या मुलांनी दिवसरात्र सायनस साफ केले, जबड्याची हाडं काढली, अँफोटेरिसिनच्या कुप्या मोजून पुरवल्या. त्या पोरांनी जे केलं त्याला तोड नाही. पण त्यातल्या काहींनी पदवी घेतली तेव्हा नाकाची ऑपरेशनं पन्नास आणि मस्टॉइड दोन, असा हिशेब होता. ते आज तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करत आहेत. त्यांच्यासाठी पुन्हा येऊन शिकण्याची सोय करणं ही आपली जबाबदारी आहे असं मला वाटतं.

लॉगबुकमध्ये आकडे भरले म्हणजे शिक्षण झालं का?

नाही. आपल्या लॉगबुकात चार खूणा असतात: ओ म्हणजे पाहिलं, ए म्हणजे मदत केली, पीए म्हणजे देखरेखीखाली केलं, पीआय म्हणजे स्वतंत्र केलं. एकाच मस्टॉइडमध्ये एकाने चीर दिली, दुसऱ्याने फेशिया (स्नायूवरचं पातळ आवरण) काढली, तिसऱ्याने वरचं हाड घासलं आणि अवघड भाग सरांनी केला, तर तिघांच्याही वहीत मस्टॉइडेक्टमी चढते. वही भरते. हाताला काय आलं ते वही सांगत नाही.

माझ्या मते ऑपरेशनचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याची नोंद व्हावी. अँट्रम (मस्टॉइडच्या आतली मुख्य पोकळी) उघडलं का, सायनसची (नाकाचा नव्हे, इथल्या मोठ्या रक्तवाहिनीची) भिंत न फोडता दाखवली का, आडवी अर्धवर्तुळाकार नळी ओळखली का, नस कुठे आहे ते न विचारता सांगितलं का. त्याच दिवशी, ओटीच्या बाहेर, पाच मिनिटं बसून. असं केलं तर पंधरा ऑपरेशनं शंभरासारखी मुरतात.

बोन लॅबमध्ये नेमकं काय करतात?

टेम्पोरल बोन म्हणजे कानशिलाचं हाड, ज्याच्या पोटात अख्खा कान बसलेला असतो. देहदानातून मिळालेलं हे हाड साच्यात घट्ट बसवतात आणि मायक्रोस्कोपखाली ड्रिल करतात. जिवंत माणसावर जे करायचं ते सगळं, टप्प्याटप्प्याने.

पहिल्या दिवशी मी हाड देत नाही, कच्चं अंडं देतो. अंड्याचं कवच ड्रिलने घासून काढायचं, आतला पडदा फाटता कामा नये. बहुतेकांची पहिली तीन-चार अंडी फुटतात. पाचव्याला हात हलका होतो. मेंदूवरचं आवरण आणि मोठी रक्तवाहिनी यांच्यावरचं हाड असंच पातळ करायचं असतं, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

हाडावर बसल्यावर पहिली खूण हेन्लेची, कानाच्या नळीच्या वर-मागे असलेला बारीक उंचवटा. तिच्या मागच्या त्रिकोणातून सुरुवात. मोठा कटिंग बर (ड्रिलचं कापणारं टोक), पाण्याची संततधार, दुसऱ्या हातात सक्शन. साधारण दीड सेंटिमीटर खोल गेल्यावर अँट्रम लागतं. तिथवर जाताना मी विद्यार्थ्याला सांगतो, डोळ्यांबरोबर कानही उघडे ठेव. पोकळ हाडावर ड्रिलचा आवाज भरड असतो. सायनसवरच्या किंवा मेंदूखालच्या पातळ पत्र्याजवळ आलं की सूर चढतो. रंगही बदलतो, पांढऱ्याचा निळसर, गुलाबी. नसेजवळ आलं की कटिंग बर काढून डायमंड बर लावायचा, नसेच्या दिशेला समांतर हात फिरवायचा आणि पाणी क्षणभरही थांबू द्यायचं नाही, कारण कोरड्या बरच्या उष्णतेनेही नस दुखावते. हा सूर पुस्तकातून येत नाही. जिवंत माणसावर पहिल्यांदा ऐकायचाही नसतो.

अडचण अशी की एका देहात अशी हाडं दोनच, आणि विद्यार्थी कितीतरी. कित्येक ठिकाणी एका हाडावर तिघे बसतात. काही विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पैसे भरून दुसऱ्या शहरातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जातात. सरकारी स्टायपेंडवर घर चालवणाऱ्याला ते परवडत नाही. ऑपरेशनं कमी होत असताना बोन लॅब ही परवडेल त्याच्यापुरती सोय राहू नये. ऑक्सिजनची लाइन जितकी आवश्यक मानली जाते, तितकी ती प्रत्येक शिकवणाऱ्या विभागात आवश्यक मानली पाहिजे.

सिम्युलेटर आणि थ्री-डी प्रिंटेड हाडांनी काम भागेल का?

सुरुवातीपुरतं भागतं. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये चूक केली तरी पुन्हा सुरू करता येतं. छापलेल्या हाडात प्रत्येकाला सारखीच रचना मिळते, त्यामुळे परीक्षेला उत्तम. पण प्लॅस्टिक घासताना ते वितळतं, आवाज वेगळा येतो. बकऱ्याचं किंवा मेंढीचं डोकं खाटकाकडून आणून पडद्याचं आणि रिकिबीचं काम शिकता येतं. स्वस्त आहे, ताजं असतं, ऊतींचा स्पर्श खरा असतो. मी चार गोष्टी वापरतो, क्रमाने: अंडं, बकऱ्याचं डोकं, छापलेलं हाड, खरं हाड.

दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन जास्त चांगलं असतं का?

साध्या पडद्याच्या ऑपरेशनात दुर्बीण आणि मायक्रोस्कोप या दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे येतात. दुर्बिणीत कानामागे चीर लागत नाही, कोपरे छान दिसतात आणि टीव्हीच्या पडद्यावर सगळ्यांना एकच दृश्य दिसतं, म्हणून शिकवायला सोपं. पण एक हात दुर्बीण धरण्यातच जातो. रक्त आलं की पंचाईत. दोन्ही पद्धती यायला हव्यात. आधी मायक्रोस्कोप, असा माझा आग्रह.

माझं किंवा माझ्या मुलाचं ऑपरेशन शिकाऊ डॉक्टर करणार का?

शिकवणाऱ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर ऑपरेशनचा काही भाग करतात, वरिष्ठ शेजारी बसलेले असतात आणि कुठल्याही क्षणी हातात घेऊ शकतात. तुम्ही सरळ विचारा: ऑपरेशन कोण करणार, शेजारी कोण असणार, या डॉक्टरांनी आधी अशी किती केली आहेत. विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. रुग्णाने असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रिकिबीच्या ऑपरेशनाआधी तर हे विचाराच.

प्रत्येक ईएनटी डॉक्टरला सगळी कानाची ऑपरेशनं यायलाच हवीत का?

माझं मत स्पष्ट आहे, काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. पडदा बसवणं आणि साधं मस्टॉइड प्रत्येकाला आलंच पाहिजे, कारण नाशिकपासून गडचिरोलीपर्यंत कुठेही रात्री कानामागे पू घेऊन मूल येऊ शकतं. कॉक्लियर इम्प्लांट, रिकीब आणि पुन्हापुन्हा होणारा कोलेस्टिएटोमा ही कामं मात्र जे ती नियमित करतात त्यांच्याकडेच असावीत. वर्षाला दोन स्टेपिडेक्टमी करणाऱ्याने त्या करू नयेत, रुग्ण पुढे पाठवावा. पाठवण्यात कमीपणा नाही. त्यासाठी ओटोलॉजीच्या, म्हणजे फक्त कानाच्या, फेलोशिप सरकारी संस्थांतही हव्यात.

बोन लॅबसाठी देहदान करता येतं का? त्याची प्रक्रिया काय?

येतं. महाराष्ट्रात हे शरीरशास्त्र अधिनियम, १९४९ या कायद्याखाली होतं. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. भरलेल्या अर्जाइतकंच घरच्यांना सांगून ठेवणंही गरजेचं, कारण शेवटी फोन त्यांनाच करायचा असतो. मृत्यूनंतर डॉक्टरचा मृत्यूचा दाखला घेऊन शक्य तितक्या लवकर कॉलेजला कळवायचं. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान आधी केलेलं असलं तरी देहदान करता येतं. कान कशासाठी वापरणार, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी त्यांना बोन लॅबमध्ये नेतो आणि मायक्रोस्कोपमधून रिकीब दाखवतो. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान दिसते. एका आजोबांच्या मुलाने ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "यावर किती जण शिकतील?" त्या आठवड्यात त्या हाडावर चौघे बसणार होते. मी तेच सांगितलं.